मिटलेली लांबी

“आधी एवढं सांगा ताई, गाडीखाली कोण झोपणार आहे? तुम्ही, का तुमचं पुस्तक?”

झुलाल मिस्त्रीने हे विचारले तेव्हा त्याच्या एका हातात पाना होता आणि दुसऱ्या हातात चहाचा ग्लास. माझ्याकडे न पाहताच त्याने घोट घेतला.

“ते पुस्तक नाही. कंपनीचा कॅटलॉग आहे,” मी म्हणाले.

“छापलेलं आहे ना? मग पुस्तकच.”

आमच्या दोघांच्या मध्ये बाकावर, चाकांचे धक्के झेलणाऱ्या शॉकअपच्या दोन जोड्या पडल्या होत्या. एक मी धुळ्याहून मागवलेली. लांब, मऊ चालीची, अजून तेलकट कागदात गुंडाळलेली. दुसरी झुलालने कुठल्याशा लहान बसची उचलून आणलेली. आखूड, जाड आणि इतकी कडक की अंगाचा भार टाकला तरी मिटत नव्हती. दाराबाहेर उभ्या असलेल्या ट्रकला यांपैकी कोणती लावायची, हा वाद सकाळी नऊला सुरू झाला होता आणि आता साडेबारा वाजत आले होते.

ही एकोणीसशे शहाण्णवच्या मार्गशीर्षातली गोष्ट. दोंडाईच्याच्या बाहेर, वाळत घातलेल्या मिरच्यांच्या पथारींसमोर आमचे कमानपाट्यांचे दुकान होते. ट्रकचा सगळा भार चाकांवर तोलणारी पोलादी पाट्यांची कमान दबली, तुटली की लोक आमच्याकडे येत. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, हे दुकान एका भट्टीवर सुरू केले होते. श्रावणात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकाच सकाळी गेले. मी यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन धुळ्याच्या एका कारखान्यात नोकरी करत होते. ती सोडून घरी आले आणि दुकान पाहू लागले. झुलाल तिथे बावीस वर्षे काम करत होता. पहिल्या दिवशी त्याने मला हात जोडले आणि पुढचे चार महिने माझे एकही म्हणणे ऐकले नाही.

मी कशाचेही कारण विचारले की तो म्हणे, “असंच असतं.” हा पाटा इतका तापवायचा, तो तितका, का, तर असंच असतं. अण्णांना त्याने कधी कारण सांगितले नसावे, कारण अण्णांना ते ठाऊकच होते. मला ठाऊक नव्हते, आणि पटवून दिल्याशिवाय कोणतीही गोष्ट मान्य न करण्याचे शिक्षण मी घेतले होते. तो पटवून देणे कमीपणाचे मानत होता. आमचे वैर सुरू झाले ते एवढ्यावरूनच.

ट्रक दरबारसिंग गिरासे यांचा होता. सगळे त्यांना आबा म्हणत. ते घोडी पाळत. मागल्या वर्षी सारंगखेड्याच्या यात्रेला नेताना त्यांची हंसा नावाची तांबूस कुमैत घोडी ट्रकच्या उंच फळीवरून घसरली होती आणि तिचा पाय गुडघ्यापर्यंत सोलला होता. म्हणून या वर्षी त्यांनी ट्रक मागून चार बोटे खाली घ्यायला सांगितला. ट्रक खाली आला की चढायची फळी कमी उभी होणार होती. झुलालने पाटे भट्टीत तापवून, घणाखाली घेऊन त्यांची कमान उतरवली होती. आता मूळचे शॉकअप या उतरलेल्या गाडीला लांब पडत होते. नवे निवडायचे, एवढेच काम उरले होते.

आबा दारातल्या खाटेवर बसून आमचे भांडण ऐकत होते.

“तुमचं काय ते ठरवा,” ते म्हणाले. “माझं एकच सांगणं आहे. उद्या माझी घोडी उभी गेली पाहिजे आणि उभी उतरली पाहिजे. यात्रेत लोक तिला बघायला येतात, मला नाही.”

“तुम्ही काळजी करू नका, आबा,” मी म्हणाले.

“काळजी तुमच्यामुळेच आहे. अण्णांच्या हातात गाडी द्यायचो तेव्हा घरी जाऊन झोपायचो. आज इथं खाटेवर बसून आहे, बघताहात ना?”

झुलाल हसला. ते हसू मला जिव्हारी लागले. मी साडीचा पदर खोचला, गोणपाट उचलले आणि ट्रकखाली जाऊन झोपले. शॉकअप अडकवायच्या वरच्या कानापासून खालच्या कानापर्यंत टेप लावला. दोन्ही बाजूंनी, दोनदोनदा. पावणेसतरा इंच. बाहेर आले तेव्हा पाठीला ग्रीस लागले होते.

“ऐका झुलालभाऊ. शॉकअपला दोन लांब्या असतात, एक उघडलेली, एक मिटलेली. हा माझा मिटून साडेचौदा होतो. जागा आहे पावणेसतराची. म्हणजे दबायला सव्वादोन इंच मोकळे. चार घोडी म्हणजे फार तर पावणेदोन टन. गाडी दबेल एक इंच. तरी सव्वा इंच उरतो. कुठे चुकलं?”

“हिशेब बरोबर आहे.”

“मग?”

“आखूड लावा.”

“का?”

“असंच असतं.”

“तुमचा तो शॉकअप म्हणजे दगड आहे. प्रत्येक खड्डा थेट खुरात जाईल. घोडी म्हणजे काय विटा आहेत?”

“तुम्ही विटाही नाही भरल्या कधी, अन् घोडीही नाही,” झुलाल म्हणाला. “नुसतं मोजून राहिल्या.”

अण्णा बाकाच्या टोकाला वेताच्या खुर्चीत बसले होते. रोज सकाळी झुलालच त्यांना उचलून तिथे आणी. त्यांना सगळे कळत असे. बोलता मात्र येत नव्हते. हं, नको, पाणी असे चारदोन शब्द परत आले होते. कधी एखादा नवा शब्द येई, तोही ओठांवर बराच वेळ चाचपडून.

मी माझा शॉकअप उचलून त्यांच्यापुढे धरला. “अण्णा, तुम्हीच सांगा. मी माप घेतलं आहे.”

त्यांनी शॉकअपकडे पाहिले, मग माझ्या हातातल्या टेपकडे. त्यांचे ओठ हलू लागले. डावा हात खुर्चीवरून उठला आणि दाराबाहेर, ट्रकच्या बाजूला, लांब झाला.

“ब...” ते म्हणाले. “बसव.”

“ऐकलंत?” मी झुलालकडे वळले.

“बसव,” अण्णा पुन्हा म्हणाले. या वेळी त्यांनी डाव्या हाताची मूठ खुर्चीच्या दांडीवर आपटली. “बसव. बसव.” त्यांच्या कपाळावर शीर फुगली होती.

“हो अण्णा, बसवते. त्रास करून घेऊ नका.”

झुलाल अण्णांकडे पाहत राहिला. बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला, माझी जोडी उचलली आणि तिच्यावरचा तेलकट कागद काढला.

“अण्णा बोलले ना,” तो म्हणाला. “मग बसवतो.”

तासाभरात काम झाले. बावीस वर्षे गाडीखाली झोपून प्रत्येकावर तोंडसुख घेणारा हा माणूस त्या तासात एक शब्दही बोलला नाही. मला वाटले, तो हरला. ट्रक गेल्यावर मी अण्णांना भात भरवू लागले, तर त्यांनी तोंड फिरवले. दुपारी उशीर झाल्याने भूक मेली असेल, असे मला वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वादहाला फोन आला. रस्त्यावरच्या एका हॉटेलातून कोणी माणूस बोलत होता. गिरासेंची गाडी बसली आहे, मिस्त्रीला घेऊन या, एवढेच त्याने सांगितले.

झुलालच्या मोपेडवर मागे बसून मी गेले.

यात्रेची गर्दी वाढल्यामुळे एका गावाने आपल्या वेशीपुढे, गाड्या हळू जाव्यात म्हणून, रस्त्यावर मुरूम टाकून आडवा बांध केला होता. ट्रक त्याच्या पलीकडे उजव्या अंगावर कलून उभा होता. तीन घोडी निंबाला बांधली होती आणि अंग थरथरवत होती. चौथी खाली होती. कोणी तिच्या अंगावर दोन चादरी टाकल्या होत्या. पुढचा डावा पाय चादरीबाहेर आला होता, आणि तो जिथे वळायला नको तिथे वळला होता.

आबा मातीत बसले होते. हंसाचे डोके त्यांच्या मांडीवर होते आणि ते तिच्या कानामागे खाजवत होते. जनावरांचे डॉक्टर त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होते. आबा मान हलवत होते, पण ती होकाराची होती की नकाराची हे कळत नव्हते. थोड्या वेळाने डॉक्टरांनी बॅग उघडली.

मी तिथून दूर झाले आणि ट्रकखाली गेले. दुसरीकडे कुठे पाहावे हे सुचत नव्हते म्हणून. उजवा शॉकअप वरच्या ब्रॅकेटसकट तुटून लोंबत होता. डावा जागेवर होता. मी त्याला टेप लावला. साडेपंधरा. रिकाम्या गाडीला काल हेच माप पावणेसतरा होते. म्हणजे चारही घोडी आत असताना तो साडेचौदावर येऊन पुरता मिटला होता. दबायला त्याच्यात सुताइतकीही जागा उरली नव्हती. गाडी बांधावर चढून आदळली तेव्हा तो शॉकअप राहिलाच नव्हता, ती नुसती पहार झाली होती, आणि त्या पहारेने ब्रॅकेट उपटून काढला होता. माझा सव्वा इंच कुठे गेला, हे मला तिथे, पाठीवर पडल्या पडल्या, कळले. नव्याने उतरवलेली कमान पहिल्याच ओझ्याखाली आणखी सव्वा इंच खाली आली होती.

बाहेर आले तेव्हा चादरी हंसाच्या डोक्यापर्यंत ओढलेल्या होत्या. आबा उभे होते. त्यांच्या धोतरावर घोडीच्या तोंडातला फेस वाळत होता.

“ते लांब वाले लावायला कोणी सांगितलं होतं?” त्यांनी विचारले. आवाज चढलेला नव्हता.

आजूबाजूला पंधरावीस माणसे होती. झुलाल माझ्यामागे दोन पावलांवर उभा होता. तो आता माझे नाव घेणार, हे मी गृहीत धरले.

“अण्णांनी,” मी म्हणाले. “तुमच्यासमोरच सांगितलं, आबा. बसव म्हणाले.”

झुलाल काही बोलला नाही.

आबा त्याच दुपारी चारच्या सुमारास दुकानात आले. त्यांनी धोतर बदलले नव्हते. ते खाटेवर बसले नाहीत. सरळ अण्णांच्या खुर्चीपुढे जाऊन उभे राहिले.

“अण्णा, घोडी गेली,” ते म्हणाले. “चार वर्षं हाताने वाढवली होती. तुमची वाचा गेली हे देवाचं. पण समज तर आहे ना तुम्हाला? समजत नसेल तर नुसतं बसून राहावं माणसाने. लेकीची हौस भागवायला माझं जनावर मिळालं तुम्हाला?”

अण्णांनी आधी त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. माझ्याकडे ते किती वेळ पाहत होते ते सांगता येणार नाही. मी भट्टीच्या कोळशांकडे पाहत होते. मग त्यांनी डावा हात उचलला. हात जोडायला दुसरा हात उठत नव्हता, म्हणून तो एकच हात त्यांनी कपाळाला लावला आणि मान खाली घातली.

“मी पाणी आणते,” मी म्हणाले, आणि आत गेले.

आत जाऊन मी पेला विसळला, पुन्हा विसळला. बाहेरचा शब्दन्शब्द ऐकू येत होता.

“आबा, अण्णांना बोलू नका,” झुलाल म्हणाला. “ते तसं बोललेच नव्हते.”

“माझ्या कानांनी ऐकलं मी. बसव बोलले.”

“शॉकअप बसव नाही. गाडी बसव बोलले.” झुलालचा आवाज जवळून आला, तो अण्णांच्या खुर्चीशेजारी येऊन उभा राहिला असावा. “कमान नवीन उतरवली की पहिल्या ओझ्याला बसते. म्हणून आम्ही आधी गाडीत वाळूची पोती भरतो, एक फेरी मारून आणतो, कमान बसवतो, अन् मगच माप घेतो. त्यांनी हात केला तो गाडीकडे नव्हता. गाडीमागे पोती पडलेली असतात, तिकडे होता.”

मी पाणी घेऊन दारापर्यंत आले होते.

“म्हणजे तुला कळलं होतं?” आबांनी विचारले.

“कळलं होतं.”

“आणि तू तेच बसवलंस?”

“बसवलं.”

“का?”

झुलालने मला दारात पाहिले होते. तरी तो थांबला नाही. “ताईंना एकदा तोंडघशी पाडायचं होतं. वाटलं, गाडी थोडी वाजेल, आदळेल, रस्त्यात तुमच्या शिव्या खातील, परत आणतील. ब्रॅकेट तुटेल असं नव्हतं वाटलं.”

“घोडी तुला आठवली नाही?”

“नाही आठवली,” झुलाल म्हणाला. “खरं सांगतो आबा. तेव्हा नाही आठवली.”

आबांनी त्याच्या कानशिलात मारली. झुलालने हात वर केला नाही. आबा माझ्याकडे वळले आणि कालपासून पहिल्यांदाच त्यांनी माझ्याशी मालकाशी बोलावे तसे बोलणे केले.

“बाई, तुम्ही नव्या आहात. तुम्हाला काय माहीत असणार इथल्या चाली. पण हा माणूस या दुकानात राहिला, तर गिरासेंची एकही गाडी तुमच्या दारी येणार नाही. अन् गावोगाव का येत नाही ते मी सांगेन.”

अण्णा खुर्चीत पुढे झुकले. “नको,” ते म्हणाले. तो शब्द त्यांना स्पष्ट येत असे. “नको. नको.”

ते आबांना सांगत होते की मला, हे मी विचारले नाही. मी आबांच्या हातात पाण्याचा पेला दिला. ते पाणी प्यायले आणि निघून गेले. झुलालने माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. भट्टीतला विस्तव त्याने राखेने झाकला, आणि रिकाम्या पोत्यात स्वतःची हत्यारे भरू लागला: दोन छन्न्या, लहान घण, मूठ गुंडाळलेला सांडस. दुकानाचे पाने त्याने पुसून खिळ्यांना लावले.

मग अण्णांपाशी जाऊन तो खाली बसला. त्याने त्यांचे निर्जीव पाऊल फळीवर नीट ठेवले, खाली घसरलेली शाल गुडघ्यांवर ओढली. अण्णांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

मी दारापर्यंत त्याच्यामागे गेले.

“झुलालभाऊ, मी आबांशी बोलेन. महिन्याभराने राग उतरेल त्यांचा.”

“नका बोलू.” त्याने पोते खाली ठेवले. मारलेल्या बाजूचा कान लाल झाला होता. “ताई, एक विचारू?”

“विचारा.”

“तुम्ही याच दुकानात लहानाच्या मोठ्या झाल्या. काल अण्णा काय बोलले, ते तुम्हाला खरंच नव्हतं कळलं?”

“नाही,” मी म्हणाले.

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले. मग पोत्याच्या तोंडाला गाठ मारली आणि ते खांद्यावर घेतले.

“मग माझीच चूक,” तो म्हणाला, आणि मिरच्यांच्या पथारींच्या कडेने चालू लागला.

दुकान अजून चालते. अण्णा त्यानंतर पाच वर्षे होते. आबांच्या मुलांच्या गाड्या आमच्याकडेच येतात आणि ते मला मालकीणबाई म्हणतात.

मी सहासात वर्षांची होते तेव्हा वाळूची पोती भरली की अण्णा मला उचलून त्यांच्यावर मधोमध बसवत. पुढे अण्णा गाडी चालवत आणि शेजारी झुलाल असे. तेव्हा त्याला मिसरूडही फुटलेले नव्हते. नदीच्या पुलावरून आम्ही माघारी वळत असू. ओझ्याखाली कमान दबली की मागचे चाक वरच्या पत्र्याच्या किती जवळ येते, ते वाकून बघण्याचे काम माझ्याकडे असे. झुलाल खिडकीतून मान बाहेर काढून विचारी, “बसली का गं पोरी?” आणि मी नीट पाहून, जितक्या मोठ्याने ओरडता येईल तितक्या मोठ्याने सांगत असे, “बसली.”